ध कोणी लिहिला?

एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेत कानावर पडलेलं एक वाक्य गेले कित्येक महिने मनातून जात नाही. विषय वसुलीचा चालला होता. एका थकबाकीदार टेम्पोवाल्याच्या दारात संस्थेची चार पोरं भल्या सकाळी गेली होती. टेम्पो ओढून नेताना त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना अंगणात ढकललं गेलं, त्यांचं मनगट मोडलं. सभासदांपैकी कुणीतरी हे उभं राहून सांगितलं. सभागृह एकदम गप्प झालं, छताच्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि अध्यक्षांकडे हात करून म्हणाले, "साहेबांनी फक्त गाडी ताब्यात घ्या म्हटलं होतं. खालच्या पोरांनी ध चा मा केला. त्यात साहेबांचा काय दोष?" माना डोलल्या. कुणी तरी 'बरोबर आहे' म्हणालं. सभा लाभांशाच्या विषयाकडे वळली. त्या म्हाताऱ्या माणसाचं मनगट तिथेच, दोन विषयांच्या मधे, पडून राहिलं.

म्हण कुठून आली ते मराठी माणसाला सांगायला नको. पण ती नेमकी कुणाच्या तोंडची आहे, हे आपण कधी नीट पाहत नाही. पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर सुमारे सहा आठवडे रामशास्त्री प्रभुण्यांनी तपास केला. धागे थेट नव्या पेशव्यांपर्यंत, म्हणजे नारायणरावांचे काका राघोबादादा यांच्यापर्यंत, पोचले तेव्हा शास्त्रीबुवांनी त्यांना समोरासमोर विचारलं. राघोबादादांनी कबूल केलं ते इतकंच, की सुमेरसिंग आणि महंमद इसफ यांना आपण हुकूम दिला होता खरा, पण तो धरण्याचा. मारण्याचा नव्हे. म्हणजे 'ध चा मा' ही मुळात एका आरोपीची कैफियत आहे. रामशास्त्रींनी ती ऐकली आणि तरीही देहान्त प्रायश्चित्तच सांगितलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. न्यायाधीशाने जी कैफियत पुरेशी मानली नाही, ती आपण अडीचशे वर्षं म्हण म्हणून वापरतो आहोत. आणि बहुतेक वेळा वापरतो ती वरच्या माणसाला सोडवायलाच.

ते अक्षर कुणी बदललं यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं, बोललं, रंगभूमीवर दाखवलं गेलं. बोट राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंकडे दाखवायची रीत पडली. तो कागद आज समोर ठेवून कुणी काही सिद्ध करू शकत नाही, पण बाईच्या माथी मारलं की गोष्ट कशी आटोपशीर होते. मला राहून राहून वाटतं, की त्या एका अक्षराच्या शोधात आपण त्याच्या आधीचं अक्षर सोडून दिलं. मा कुणी केला हा प्रश्न नंतरचा. गादीवर बसलेल्या आपल्या सख्ख्या पुतण्याला पगारी शिपायांकडून धरावं, हे वाक्य लिहिलं कुणी? त्याबद्दल वाद नाही. ते लिहिणाऱ्याने स्वतःच सांगितलंय.

मोडी लिहिणारा आधी कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून घेतो आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरं त्या रेघेला लटकवत जातो. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. लिहायला वेगवान, वाचायला अवघड. म्हणून मोडी वाचणारा नुसती अक्षरं वाचत नाही. पत्र कुणाचं, कुणाला, कुठल्या दिवसांतलं, हे ठाऊक असेल तरच ओळ लागते. गारद्यांच्या, म्हणजे त्या पगारी शिपायांच्या, हाती जो कागद पडला तोही असाच वाचला गेला असणार. लिहिणारा वाड्यातच कैदेत असलेला, राज्यावर हक्क सांगणारा काका. घेणारे पगार थकलेले हत्यारबंद लोक. मधे ने-आण करणारा तुळाजी पवार. एवढा संदर्भ हाताशी असताना धरावे काय आणि मारावे काय, खाडाखोड करायला बोरू तरी लागला असेल का?

धरावे या शब्दात किती काय काय दडलेलं आहे ते जरा उलगडून पाहायला हवं. पेशव्याला धरल्यावर ठेवायचं कुठे? याचं उत्तर राघोबादादांइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. १७६८ साली धोडपला तेव्हाचे पेशवे माधवराव यांनी त्यांचा पराभव केला तेव्हा त्यांना आणून ठेवलं याच शनिवारवाड्यात. कैदेत असलेल्या मोठ्या माणसाभोवती कशी माणसं गोळा होतात, निरोप कसे बाहेर पडतात, कुंपणावर बसलेले सरदार कुणाचं पारडं जड होतंय हे कसं जोखत राहतात, हे सगळं ते स्वतः जगले होते. जिवंत कैदी हा कधी ना कधी सुटू शकतो. आणि तो सुटला तर ज्यांनी त्याच्या अंगाला हात लावला ती माणसं पहिली मरतात. गारदी हे ओळखून होते. त्यांना ना वतन होतं, ना या मातीत मुळं. कवायती पायदळाची रोख पगारावरची ही नोकरी, आणि तो रोख पगारच थकलेला. धन्यावर हात टाकल्यानंतर त्यांच्या दृष्टीने सुरक्षित शेवट एकच होता. हुकूम लिहिणाऱ्याने तो शेवट लिहिला नाही, पण दुसरा कुठला शिल्लकही ठेवला नाही.

३० ऑगस्ट १७७३. दिवस गणपतीचे. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आले. गारद्यांत काहीतरी शिजतंय याची कुणकुण त्यांना लागली होती, म्हणून परतल्यावर त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंतांना त्या दिवशी एका नातेवाइकाकडे जेवणाचं बोलावणं होतं. आल्यावर बघू, म्हणून ते जेवायला गेले. हरिपंत काही कटातले नव्हते, पुढे उभा जन्म त्यांनी राघोबादादांच्या विरुद्धच लढण्यात घालवला. पण या हकिगतीतलं ते जेवण मला फार बोचतं. पंगत बसली असेल, पानं मांडली असतील, वरणभातावर तूप पडलं असेल, आग्रह चालला असेल. आणि तिकडे पगार द्या, पगार द्या असा आरडाओरडा करत गारदी वाड्यात शिरत होते. दुपारच्या जेवणानंतर नारायणराव आडवे झाले होते, ते उठून पळाले.

पुढचा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेलाय की त्यातलं एक महत्त्वाचं तपशील हरवून गेलंय. 'काका, मला वाचवा' एवढंच आपल्याला ऐकू येतं. नारायणराव धावत काकांच्या दालनात आले आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून बसले. अठरा वर्षांचा मुलगा आणि एकोणचाळीस वर्षांचा काका. जुनी हकीकत सांगते की त्या क्षणी राघोबादादा खरोखरच म्हणाले, याला सोडा. सुमेरसिंगाने ऐकलं नाही. इथवर येऊन मी आता स्वतःचा नाश करून घेणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला, आणि पुतण्याला सोडत नसाल तर तुम्हीही त्याच्याबरोबर मराल असं बजावलं. तेव्हा काकांनी स्वतःला त्या मिठीतून सोडवून घेतलं. तुळाजीने नारायणरावांना पाय धरून ओढलं. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही त्यांच्याबरोबर तोडला गेला.

सोडवून घेतलं. म्हणजे नेमकं काय केलं असेल? घाबरलेल्या माणसाची मिठी सहज सुटत नाही. बोटं एकेक करून उलगडावी लागतात.

सुमेरसिंगाच्या त्या उत्तरात सगळं आलं. तोवर हुकूम राघोबादादांचा होता, त्या क्षणापासून राघोबादादा हुकमाचे झाले. कालपर्यंत जो त्यांच्या शब्दाची वाट पाहत होता तोच आता त्यांना पर्याय देत होता, आणि दोन्ही पर्याय त्याचे होते. महत्त्वाकांक्षी माणसाला वाटत असतं की वाईट माणसं आपण कामापुरती वापरतो आहोत. पण ज्या कामासाठी चांगली माणसं नाही म्हणतात त्या कामाला जो उभा राहतो, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की या मालकाला आपल्याशिवाय कुणी नाही. तो थांब म्हटल्यावर थांबत नाही, कारण थांबण्यात त्याचा जीव जातो. 'सोडा' हे म्हणायची वेळ कागद लिहायच्या आधीची होती. त्या दुपारी ते म्हणणं खरं असेलही, मला ते खोटं वाटत नाही. त्याला किंमत मात्र उरली नव्हती.

राघोबादादांना नुसतं काळं रंगवून टाकणं मला जमत नाही. याच माणसाने विशी ओलांडल्यावर तीन-चार वर्षांत लाहोर घेतलं होतं. १७५८च्या त्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या आणि 'अटकेपार झेंडे' हा अभिमानाचा शब्द आपल्या भाषेला मिळाला. एकाच माणसाने मराठीला अटकेपार झेंडा दिला आणि ध चा मा दिला, हा विचार आला की वाईट वाटतं. मैदानावर शूर, माणूस म्हणून उदार, पैशाच्या हिशेबात कच्चा, कानाने हलका. नारायणराव काही शांत, समंजस कारभारी नव्हते. कोवळं वय, तापट जीभ, प्रभू ज्ञातीच्या धार्मिक हक्कांच्या वादात, म्हणजे ग्रामण्यात, घेतलेली कडक भूमिका, यांनी त्यांनी स्वतःहून माणसं दुखावली. सखाराम हरी गुप्त्यांसारखा खंदा प्रभू माणूस दादांच्या बाजूला घट्ट राहिला त्याला हेही एक कारण होतं. आणि कैदेतल्या माणसाचा संताप तर खराच असतो. एप्रिल १७७३नंतर पहारे आवळले गेले तसे दादा केस-नखं वाढवून सूर्याकडे टक लावून उभे राहू लागले, असं सांगतात. कर्तबगार माणसाला कोंडून ठेवलं की त्याची कर्तबगारी आत कुजते, आणि तो वास त्याला स्वतःला न्यायाच्या मागणीसारखा येऊ लागतो. माझा हक्क, माझा अपमान, माझ्या तलवारीवर मिळालेला मुलूख. यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं असतं म्हणूनच ते इतकं घातक असतं.

याच घराण्यात आणखी एक काका होऊन गेले होते. राघोबादादांचे सख्खे काका, चिमाजीअप्पा. एप्रिल १७४० मध्ये राघोबादादांचे वडील, पेशवे बाजीराव, रावेरखेडीला वारले तेव्हा थोरल्या मुलाचं, नानासाहेबांचं वय एकोणीस. चिमाजीअप्पांनी वर्षभरापूर्वीच वसई जिंकलेली, फौज त्यांना मानणारी, छत्रपतींकडे त्यांचा शब्द. पेशवाईसाठी दुसरे इच्छुकही साताऱ्यात जोर लावत होते. अशा वेळी आजारी अप्पा पुतण्याच्या पाठीशी उभे राहिले आणि जूनमध्ये नानासाहेबांना वस्त्रं मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस अप्पा वारले. रघुनाथ तेव्हा सहा वर्षांचा होता. काकाने पुतण्याचं काय करायचं असतं याचा नमुना त्याने घरातच पाहिला होता, निदान ऐकला तरी होता. आपल्याकडे अप्पांच्या वसईवर पोवाडे झाले, या गोष्टीवर फारसं कुणी बोलत नाही. गादी न मागणं हे पराक्रमात धरत नाहीत म्हणून असेल.

आणि त्या वसईचं पुढे काय झालं? गादी मिळवून पाच महिनेही झाले नव्हते तोच, जानेवारी १७७४ मध्ये, दादा मोहिमेवर असताना बारभाईंनी, म्हणजे दादांच्या विरोधात एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, नारायणरावांच्या गरोदर विधवेला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेलं आणि कारभार त्यांच्या नावाने सुरू केला. एप्रिलमध्ये मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि दादांच्या पायाखालची जमीन गेली. पुढचं वर्ष पळापळीचं. ६ मार्च १७७५ला सुरतेत इंग्रजांशी तह. इंग्रजांनी २,५०० माणसांची फौज द्यायची, तिच्या खर्चापोटी दादांनी महिना दीड लाख रुपये मोजायचे, हमी म्हणून सहा लाखांचे दागिने ठेवायचे. हिशेब केला तर ते दागिने चार महिन्यांच्या खर्चाएवढे. चार महिन्यांत पुण्याची गादी मिळेल असा विश्वास असल्याखेरीज कुणी असा करार करत नाही. आणि याशिवाय साष्टी आणि वसई द्यायची. चुलत्याने माणसं मातीत घालून घेतलेली वसई पुतण्याने एका सहीत देऊ केली.

ही सवय त्या दिवशी लागलेली नव्हती. १७६२ला माधवरावांशी भांडण झालं तेव्हाही दादांनी निजामाला हाताशी धरलं होतं, त्याच्या मदतीची किंमत मुलखात मोजली होती. आपल्याला हवं असलेलं आसन आणि त्यासाठी दुसऱ्याच्या घरातून काढून दिलेली किंमत, हा व्यवहार एकदा जमला की माणूस पुन्हा त्याच दुकानात जातो. फक्त दर खेपेला दुकानदार मोठा असतो.

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर वसईच्या विजयाची म्हणून ओळखली जाणारी घंटा आहे. पुराचं पाणी कुठवर चढलं हे गावकरी त्या देवळाच्या खुणेने सांगतात. तिथून नदीच्या वरच्या अंगाला, कोस-दोन कोसांवर आनंदवल्ली, राघोबादादांचं राहण्याचं ठिकाण. दादा नाशकात असताना ती घंटा त्यांच्या कानावर कधी तरी पडली असेलच.

सुरतेच्या तहानंतरची सात वर्षं युद्धात गेली, आणि त्या युद्धाचं सगळ्यांत केविलवाणं चित्र बोरघाटातलं आहे. १७७८च्या अखेरीस मुंबईहून निघालेली जेमतेम चार हजारांची इंग्रज फौज, तिच्याबरोबर सामान वाहणारे १९,००० बैल, आणि सोबत पेशवाईचा दावेदार. दिवसाला कोस-अर्धा कोस अशी ती रांग पुण्याकडे सरकत होती. समोर मराठे नेमका आपला मुलूख जाळत मागे हटत होते, शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून. तळेगाव जळलं. इंग्रज तिथे पोचले तेव्हा राख होती. जानेवारीत जड तोफा तळ्यात ढकलून ती फौज रात्रीची माघारी फिरली आणि वडगावला अडकली. कार्ल्याजवळ पडलेल्या इंग्रज कप्तानाला मावळातल्या लोकांनी इष्टुर फाकडा म्हणून आठवणीत ठेवलं, त्याच्या समाधीला नवस बोलले. तळेगावात ज्यांची घरं, गोठे, कणग्या जळाल्या त्यांची नावं कुठेही नाहीत. आपल्याच पेशव्याच्या काकामुळे आपल्याच सरकारने आपलं गाव जाळलं, हे त्यांनी एकमेकांना कसं समजावून सांगितलं असेल?

१७८२ला सालबाईचा तह झाला तेव्हा दादांच्या वाट्याला महिना २५,००० रुपयांचं वेतन आलं. ज्या फौजेच्या जोरावर गादी मिळवायची होती तिच्या महिन्याच्या खर्चाचा हा सहावा हिस्सा. वसई परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७८३ मध्ये, गोदावरीकाठी कोपरगावला ते वारले. आनंदीबाई नजरकैदेतच राहिल्या आणि १७९४ला वारल्या. मुलगा बाजीराव या सगळ्याच्या सावलीत वाढला. ३१ डिसेंबर १८०२ला त्याने इंग्रजांशी तह केला तो नेमका वसईत. बापाने २,५०० माणसं भाड्याने मागितली होती, मुलाने ६,००० कायमची ठेवून घेतली आणि त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख लावून दिला. पुढची सोळा वर्षं सांगायला नकोत.

शनिवारवाड्यात आता जोती, तटबंदी, दरवाजे आणि कारंज्यांच्या कुंड्या एवढंच आहे, बाकीचं १८२८च्या आगीत गेलं. अमावस्या-पौर्णिमेला इथे हाक ऐकू येते, असं पोरांना सांगतात. पोरं घाबरतात, हसतात, फोटो काढतात. हाक मारणारा सगळ्यांना माहीत. हाक ज्याला मारली तो त्या वेळी कुठे उभा होता, त्याच्या हातांनी काय केलं, हे त्या गोष्टीत नसतं. खुनानंतर रामशास्त्री पुण्यातून निघून वाईकडे गेले आणि दादांचा अंमल असेतो त्यांनी न्यायासनावर पाय ठेवला नाही. त्यांच्या जाण्याच्या वेळी त्यांनी दादांना काय सुनावलं याच्या गोष्टी खूप आहेत. मला त्यापेक्षा त्यांची ती सहा आठवड्यांची चौकशी मोठी वाटते. कुणाचे पगार थकले होते, कुणाला कुणी निरोप दिला, कुणाच्या हातून कागद कुणाकडे गेला. एकेक माणूस बोलावून विचारलेले हे साधे प्रश्न, ज्याची उत्तरं वर वर चढत गेली.

त्या पतसंस्थेच्या सभेत असा एकही प्रश्न निघाला नाही. पोरांना सकाळी सहाला पाठवायचं कुणी ठरवलं, गाडी ओढून आणली तर प्रत्येकाला किती मिळणार होते, रिकाम्या हाताने परतली असती तर काय झालं असतं. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे वसुलीतलाच एक पोरगा ताट घेऊन उभा होता, विशीतला असेल. पगार वेळेवर होतो का, असं विचारल्यावर त्याने आधी मागे वळून पाहिलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "दिवाळीपासून तीन महिन्यांचा राहिलाय."